स्लाइडसमोर बसायचं की संगणकासमोर?

प्रश्न : मॅडम, मी पॅथॉलॉजीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॅन्सरच्या निदानात संशोधन करायची खूप इच्छा आहे. पण आता पेशींच्या छेदांच्या, सूक्ष्मदर्शकाखालच्या स्लाइड एआयच वाचणार, असं रोज कानावर पडतं. मित्र म्हणतात, शाखा बदल, नाहीतर सरळ प्रोग्रॅमिंग शीक. काय करू?

उत्तर : शाखा सोडू नका, हे आधी सांगते.

माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी कॅमेलियन१६ या एआय प्रोग्रॅमच्या स्पर्धेचा अभ्यास वाचायला लावते. स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांच्या लिम्फ नोडमध्ये (लसिकाग्रंथीत) कॅन्सर पोचलाय का, हे १२९ स्लाइड पाहून सांगायचं होतं. ११ पॅथॉलॉजिस्टना त्यासाठी साधारण दोन तास दिले होते. पहिला आलेला प्रोग्रॅम त्या सगळ्यांपेक्षा सरस ठरला. बातम्यांत एवढंच येतं. पण त्याच अभ्यासात आणखी एक पॅथॉलॉजिस्ट होते, त्यांना वेळेचं बंधन नव्हतं. त्यांनी सुमारे ३० तास घेतले आणि पहिल्या पाच प्रोग्रॅमच्या तोडीस तोड निदान केलं. दोन तासांत १२९ म्हणजे एका स्लाइडला मिनिटभरसुद्धा मिळत नाही. एवढ्या घाईत निसटतात ते दोन मिलिमीटरपेक्षा लहान कॅन्सरचे पुंजके, मायक्रोमेटास्टेसिस. ते शोधायला प्रोग्रॅमची मदत मिळत असेल, तर मला ती हवीच आहे.

आता यंत्राची नजर कुठे चुकते ते बघा. लिम्फ नोडमध्ये हिस्टिओसाइट नावाच्या निरुपद्रवी पेशी असतात : भरपूर फिकट सायटोप्लाझम (पेशीद्रव्य), घेवड्याच्या दाण्यासारखं केंद्रक. प्रोग्रॅम कधी कधी त्यांनाच कॅन्सर समजून लाल रंगवतो. उलट लोब्युलर कार्सिनोमा या स्तनाच्या कॅन्सरच्या प्रकारातल्या पेशी एकेकट्या, लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या गर्दीत विखुरलेल्या असतात, त्या निसटू शकतात. तिथे मीही थांबते. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगाच्या एच अँड ई स्लाइडवर खात्री होत नाही, मग सायटोकेरॅटिन हे कॅन्सरच्या पेशींतलं प्रथिन दाखवणारी खास तपासणी मागवते. त्यात पेशी तपकिरी झाल्या की शंका फिटते. प्रोग्रॅमचं कुठे चुकलं हे सांगायला या पेशी वर्षानुवर्षं पाहिलेलाच माणूस लागतो, आणि संशोधनाचे चांगले प्रश्न त्यालाच सुचतात.

एआयवरच्या माझ्या कामातला बराचसा वेळ स्लाइड निवडण्यात आणि लेबलं तपासण्यात गेला. आमच्या स्लाइडवर छान चाललेला प्रोग्रॅम दुसऱ्या प्रयोगशाळेच्या स्लाइडवर घसरला, कारण तिथलं इओसिन (स्लाइड रंगवायचा गुलाबी रंग) गडद होतं आणि छेद थोडे जाड. आणखी एक गंमत लक्षात ठेवा. आपण संशयाच्या जागी काचेवर पेनाने टिंब करतो ना? स्कॅन करण्याआधी ते पुसलं नाही, तर प्रोग्रॅम कॅन्सरऐवजी शाई ओळखायला शिकतो!

२०१९ मध्ये ४४,७३२ स्लाइडवर झालेलं एक मोठं काम प्रसिद्ध झालं. त्यात गाठीभोवती हाताने रेघा ओढल्या नव्हत्या, रिपोर्टमधलं निदान तेवढं प्रोग्रॅमला दिलं होतं. तेव्हा आज तुम्ही लिहिता तो रिपोर्ट उद्या एखाद्या प्रोग्रॅमची शिकवणी असू शकतो. तो नीट लिहा.

पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा जरूर शिका. त्याहून मन लावून संख्याशास्त्र शिका. आणि ग्रॉसिंग, म्हणजे काढलेली गाठ डोळ्यांनी तपासून तिचे तुकडे निवडणं, टाळू नका, ही कळकळीची विनंती. ते काम कंटाळवाणं वाटतं, फॉर्मलिनने डोळे चुरचुरतात, हे मला माहीत आहे. पण गाठीचा जो भाग मेणाच्या ब्लॉकमध्ये (ज्यातून स्लाइडचे छेद काढतात) गेलाच नाही, त्यातला कॅन्सर कितीही हुशार प्रोग्रॅमला दिसणार नाही. तो तुकडा कुठून घ्यायचा हे तुमच्या बोटांना कळायला हवं.

प्रश्न : माझ्या आईच्या बायॉप्सीचा रिपोर्ट संगणकाने दिला असेल का? त्यावर विश्वास ठेवावा का?

उत्तर : रिपोर्टखाली ज्या पॅथॉलॉजिस्टची सही आहे, निदानाची जबाबदारी त्यांची. अमेरिकेत २०२१ मध्ये प्रोस्टेटच्या बायॉप्सीसाठी एका एआय प्रोग्रॅमला परवानगी मिळाली, तीही पॅथॉलॉजिस्टचा मदतनीस म्हणूनच. तुमच्या मनात शंका असेल तर त्यांना भेटून सरळ विचारा, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही. दुसरं मत घ्यायचं ठरलं तर नुसता रिपोर्ट नेऊ नका. मूळ स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक मागून घ्या. ब्लॉक मात्र उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, मेण मऊ होतं.