शनिवारपर्यंत २३ हजार

'ताई, मी पुण्यात नोकरी करतो, वय ३१. तीन वर्षं मित्रांत पोकर खेळतोय, बरा खेळतो. पणजीच्या कॅसिनोत येत्या शनिवारी टूर्नामेंट आहे, काल रात्री एका मित्राकडून कळलं. एंट्री ३५ हजार, माझ्याकडे १२ आहेत. ऑफिसची भिशी माझ्याकडे जमा होते. ते ३० हजार घरात आहेत, पाच तारखेला द्यायचेत. त्यातले तात्पुरते घेऊ, की क्रेडिट कार्ड वापरू? बायकोला अजून बोललो नाही.'

तू वहीच्या पानाचा फोटो पाठवलास म्हणून दिसलं. 'तात्पुरते'च्या आधी 'उसने' लिहून खोडलं आहेस. उसने म्हटलं की कुणाकडून ते सांगावं लागतं, आणि भिशीतल्या त्या दहा जणांना तू विचारलेलं नाहीस. पाकीट कपाटात आहे तिथंच राहू दे. त्यावर आणखी चर्चा नको.

कार्डावरून रोख काढलीस तर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, वर काढण्याचं शुल्क वेगळं. आणि टूर्नामेंटमध्ये साधारण शंभरातल्या दहा-पंधरा जणांनाच काही मिळतं. बाकीच्यांची एंट्री गेली ती गेली. चांगले खेळाडूही बहुतेक वेळा हात हलवत परततात. (दिवाळीत तीन पत्तीला मीही बसते, तेव्हा मला सोवळ्यातली समजू नकोस.)

पूर्वी ऑनलाइन छोट्या स्पर्धा जिंकून मोठ्या टेबलावर जागा मिळवता यायची. २०२५च्या कायद्यानं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. आता कुणी तसली लिंक पाठवली तर उघडूसुद्धा नकोस.

एक सरळ रस्ता आहे, तो म्हणजे हिस्से विकणं: एंट्रीत इतरांनी पैसे घालायचे आणि बक्षीस मिळालं तर त्याच प्रमाणात वाटून घ्यायचं. खेळणाऱ्यांत हे सर्रास चालतं. ३५ हजारांचे दहा भाग कर, एक साडेतीन हजारांचा. तुझ्या १२ हजारांतून बस, राहणं, खाणं यांचे पाच हजार आधी बाजूला काढ. उरले सात, म्हणजे दोन भाग तुझे. उरलेले आठ तुझ्याबरोबर खेळणाऱ्या मित्रांना विक. जिंकलास तर रकमेवर सहसा ३० टक्के कर कापला जातो, तोही तुझ्या नावानं. म्हणून वाटणी कर वजा जाऊन उरेल त्याची, हे आधीच व्हॉट्सॲपवर लिहून टाक. बाद झालास तर पुन्हा पैसे भरून बसायचं नाही, हेही त्यातच लिही. रात्री अकराला, टेबलावरच्या आपल्या चिप्स (पैशांऐवजी लावायच्या चकत्या) संपल्यावर, माणसाला फार हुशार कल्पना सुचतात.

आता गंमत बघ. तीन वर्षं तुझा खेळ समोर बसून बघणारे आठ जण साडेतीन हजार लावायला तयार होतात का? झाले तर जा, मजेत खेळ. दोघंच झाले, बाकीचे 'बघतो रे' म्हणाले, तर तुझ्या खेळाबद्दल त्यांना काय वाटतं ते तुला फुकटात कळलं. मग त्याच मुक्कामात कमी एंट्रीची एखादी स्पर्धा आहे का ते त्या सांगणाऱ्या मित्राला विचार. बऱ्याचदा असते.

बायकोला आजच सांग, हिस्से विकायच्या आधी. आकडा पूर्ण सांग, बसच्या तिकिटासकट. ती चिडेल कदाचित. पण तिला हे पाच तारखेनंतर कळलं, तर भांडण पोकरवरून होणार नाही.

पाच तारखेला भिशी देऊन झाली की मला कळव. पत्ते कसे आले ते नंतर सांग.