भीतीदायक गोष्टी बघाव्याशा वाटणं ही विकृती आहे का?

तुम्ही लिहिलंय की रात्री जागून हॉरर सिनेमे बघता, खुनांच्या कहाण्या ऐकता, कधी अपघातांचे व्हिडिओही उघडता आणि आई म्हणते, "हे कसलं विकृत वेड!" मला ही विकृती वाटत नाही. फक्त यातली तिसरी गोष्ट पहिल्या दोन्हींहून वेगळी आहे, तिच्याकडे पुढे येतो.

मी नाशिकचा. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की इथे माणसं गंगेवर लोटतात (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो). पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलं की छातीला, यावरून पुराचा अंदाज बांधायचा ही जुनी रीत. पोलीस मागे हटवतात, तरी पुलाच्या कठड्याशी गर्दी असतेच, पोरं खांद्यावर बसवलेली. २००८ चा पूर पाहिलेले लोक शेजारच्याला दाखवतात, तेव्हा पाणी कुठवर आलं होतं. सराफ बाजारात उद्या ज्याच्या दुकानात पाणी शिरेल, तोही त्यांतच उभा असतो. संकट केवढं होऊ शकतं, हे प्रत्येकाला कोरड्या जागेवर उभं राहून जाणून घ्यायचं असतं. भीतीच्या ओढीचं मूळ मला तिथेच दिसतं.

भरताच्या नाट्यशास्त्रात शृंगार आणि वीर या रसांच्या पंक्तीला भयानक आणि बीभत्सही आहेत. म्हणजे भय आणि किळस यांचाही आस्वाद घेता येतो, हे आपल्याकडे फार पूर्वीच मान्य झालेलं आहे.

आता प्रमाणाबद्दल. डेन्मार्कमधल्या आरहूस विद्यापीठाच्या संशोधकांनी वायले गावातल्या एका भुताटकीच्या खेळघरात ११० जणांच्या हृदयाचे ठोके मोजले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं की भीती फार कमी असली तर मजा येत नाही आणि फार वाढली तरी येत नाही. खरी मजा मधल्या पट्ट्यात. मिसळीच्या तर्रीचंही तेच, नाक वाहिलं पाहिजे पण घास गिळता आला पाहिजे. कोरोनाच्या सुरुवातीला ३१० लोकांवर झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात हॉररच्या चाहत्यांना मानसिक त्रास तुलनेने कमी झालेला आढळला. सिनेमामुळेच तसं झालं, असं त्यावरून सिद्ध होत नाही. पण आईंना हे जरूर सांगा.

आणि आता अपघातांचे व्हिडिओ. प्लेटोने लिओन्टिअस नावाच्या माणसाची गोष्ट सांगितली आहे. अथेन्सच्या तटाबाहेर पडलेली प्रेतं त्याला बघायची होती आणि तशी इच्छा झाल्याचा रागही येत होता. शेवटी तो डोळे विस्फारून धावत गेला आणि स्वतःच्याच डोळ्यांना म्हणाला, घ्या, पोटभर बघा. ओढ इतकी जुनी असेल तर तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. पण सिनेमातला माणूस शूटिंग संपल्यावर उठून चहा घेतो. महामार्गावर पडलेल्या माणसाचे आईबाप मात्र कुठेतरी त्याची वाट बघत असतात, आणि तो व्हिडिओ फिरत फिरत त्यांच्याच फोनवर येऊ शकतो. कॉलनीत बिबट्या शिरला की मोबाईल घेऊन धावणाऱ्या गर्दीनेही असंच होतं: बिथरलेलं जनावर आणि वनविभागाची माणसं, दोघांचाही जीव धोक्यात येतो.

म्हणून सिनेमे आणि कहाण्या निर्धास्त चालू ठेवा. झोप उडायला लागली किंवा दृश्यं नको असताना डोळ्यांसमोर यायला लागली, तर थोडे दिवस थांबा. तरीही त्रास कमी झाला नाही तर समुपदेशकाशी बोला. अपघाताचा व्हिडिओ कुणी पाठवला तर तो पुढे मात्र पाठवू नका.