बारा काळांचा तक्ता पाठ आहे, तरी इंग्रजी मेल लिहिताना काळ चुकतात. काय करू?

तुम्ही लिहिलंय की शिक्षण मराठी माध्यमातून झालं, डिप्लोमा करून कंपनीत लागलात, अजून कन्फर्मेशन व्हायचंय. बारा काळांचा तक्ता झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवाल, पण मेल लिहायला बसलं की ‘हॅव’ की ‘हॅड’ इथे घोडं अडतं आणि शेजारच्या टेबलावरचे कॉन्व्हेंटवाले हसतात. म्हणून एखादं पुस्तक किंवा अ‍ॅप हवंय. पुस्तकाचं नंतर सांगते. आधी त्या हसणाऱ्यांचे मेल एकदा नीट वाचून बघा. फाडफाड बोलणाऱ्याला काळ कळतात हा आपल्याकडचा भाबडा समज आहे. त्यांना उच्चार येतात, न अडखळता बोलता येतं आणि चुकलं तरी चेहऱ्यावरची रेषा हलत नाही. एवढंच.

हे मी रागाने लिहितेय असं वाटेल. थोडा राग आहेच.

भोसरीकडच्या एका मशिनिंगच्या कंपनीत मी क्वालिटीला होते. आमचा माल जर्मनीला जायचा. एकदा तिकडून कम्प्लेंट आली: ब्रॅकेटच्या एका होलला आटेच नाहीत, टॅपिंग म्हणजे आटे पाडायचं काम सुटलंय, त्यांच्या असेंब्ली लाइनवर बोल्ट बसेना. क्वालिटीत काम केलेल्यांना पुढचं सांगायला नको. एट-डी रिपोर्ट, म्हणजे तक्रार, तिचं कारण आणि उपाय डी-वन ते डी-एट अशा आठ टप्प्यांत लिहायचा फॉर्म. फोर्डने १९८७ साली ही पद्धत पुस्तिकेत घातली आणि आता गाड्यांच्या धंद्यातला बहुतेक प्रत्येक कस्टमर सप्लायरकडून तीच भरून घेतो. त्यात डी-थ्री म्हणजे तातडीचा बंदोबस्त, खराब माल आणखी जाऊ नये म्हणून काय केलंत. डी-फोरमध्ये मूळ कारण, डी-फाइव्हमध्ये कायमचा उपाय कोणता ठरवलात, डी-सिक्समध्ये तो लावलात का. नीट बघितलंत तर अख्खा फॉर्म काळांवरच उभा आहे. काय झालं, काय करून ठेवलंय, काय चालू आहे, काय करणार. यातलं एक दुसऱ्याच्या जागी गेलं की रिपोर्ट खोटा ठरतो.

आमच्या पोरांनी सेकंड शिफ्टला थांबून स्टोअरमधला आणि पॅकिंग झालेला सगळा माल थ्रेड गेज (आटे तपासायचं माप) लावून तपासला. पेट्या फोडून, परत भरून. मी डी-थ्रीमध्ये लिहिलं, ‘वी हॅव चेक्ड ऑल पार्ट्स इन स्टॉक.’ साहेबांनी प्रिंट मागवली आणि लाल पेनाने ‘हॅव’ खोडून ‘हॅड’ केलं. मी विचारलं, सर, का? तर म्हणाले, “चेकिंग झालं ना? संपलं ना? मग पास्ट. आणि ‘हॅड’ जरा प्रोफेशनल वाटतं.” मी म्हटलं, संपलंय, पण त्याचा उपयोग आत्ता आहे, स्टॉक आत्ता चांगला आहे हे त्यांना कळायला हवं. त्यावर साहेबांनी चारचौघांत ऐकवलं, “तुम्हा मराठी मीडियमवाल्यांचं हेच होतं. रूल पाठ करता, फील येत नाही.”

मी पाचवीत एबीसीडी गिरवलेली. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, आम्ही त्याच्या आधीचे. त्यामुळे फील कुठून येणार! रिपोर्ट ‘हॅड’ लावून गेला.

उत्तर आलं ते असं: तुम्ही सगळे पार्ट तपासले होते, तर बिनआट्यांचे पार्ट आमच्याकडे पोचले कसे? म्हणजे तुमच्या तपासणीतच दोष आहे. तो का, याचं वेगळं मूळ कारण द्या. आणि सध्याच्या स्टॉकबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही.

त्यांचं काय चुकलं? काहीच नाही. वरच्या डी-टूमध्ये, जिथे तक्रार काय ते लिहायचं, कम्प्लेंटची तारीख होती, म्हणजे भूतकाळातली एक गोष्ट आधीच मांडून झालेली. तिच्या खाली ‘हॅड चेक्ड’ आलं की वाचणारा ते त्या तारखेच्या मागे नेऊन बसवतो. कम्प्लेंट येण्याआधीच तपासलं होतं, असा सरळ अर्थ. पोरांनी रात्री बसून केलेलं काम एका शब्दाने कम्प्लेंटच्या अलीकडून पलीकडे गेलं, आणि वर आमची तपासणी निकामी ठरली.

मग कॉल लागला. साहेब सुरेख बोलले. ‘वी हॅड सेग्रिगेटेड, वी हॅड इन्फॉर्म्ड, वी हॅड टेकन अ‍ॅक्शन.’ प्रत्येक ‘हॅड’ला पलीकडचा माणूस विचारत होता, बिफोर ऑर आफ्टर? साहेबांना तो असं का विचारतोय तेच कळेना, ते आणखी जोरात तेच सांगत होते. शेवटी मी मध्ये तोंड घातलं. ‘सर, वी हॅव चेक्ड. आफ्टर युअर कम्प्लेंट. स्टॉक इज ओके नाऊ.’ माझा उच्चार असा की ‘स्टॉक’चासुद्धा ‘श्टॉक’ झाला असेल. पलीकडून ‘आ, ओके, क्लिअर’ आलं आणि विषय पुढच्या मुद्द्यावर गेला. फोन ठेवल्यावर साहेब काय म्हणाले? “जर्मनांना इंग्रजी कुठे येतं.” दुरुस्त रिपोर्टमध्ये ‘हॅव’ परत आलं, ‘प्रिपेअर्ड बाय’समोर नाव साहेबांचं.

गंमत म्हणजे जर्मनांबद्दल ते अर्धे बरोबर होते. त्याच माणसाच्या मेलमध्ये ‘वी हॅव रिसीव्ह्ड द पार्ट्स यस्टरडे’ असायचं. इंग्रजीत ‘यस्टरडे’ असेल तिथे ‘हॅव’ चालत नाही, ‘वी रिसीव्ह्ड’ म्हणायचं. जर्मनमध्ये मात्र ती रचना बिनदिक्कत चालते. मराठीतही चालते, ‘मी त्याला कालच सांगितलंय’ यात आपल्याला काही खटकत नाही. म्हणजे ‘हॅव’च्या बाबतीत तो आणि आपण एकाच बाकावरचे. ‘हॅड’च्या बाबतीत मात्र त्यांचा हिशेब इंग्रजीसारखाच आहे, म्हणून तिथे त्याने अचूक वाचलं.

घोळ आपल्या ‘होतं’चा आहे. ‘मी काल नाशिकला गेले होते’ हे मराठीत पूर्ण वाक्य आहे. गेले, आले, विषय संपला. पुढे कोणी काही ऐकायची वाट बघत नाही. तेच ‘आय हॅड गॉन टू नाशिक यस्टरडे’ म्हटलं की इंग्रजी वाचणारा थांबून राहतो. गेली होतीस, मग तोवर काय घडलं? काही घडलेलं नसतं. तिथे ‘आय वेंट’ हवं. महाराष्ट्रातल्या ऑफिसांमधल्या मेलमध्ये जितके ‘हॅड’ असतात त्यातले निम्मे तरी मराठीतल्या ‘होतं’चे आहेत असं माझं मत आहे, आणि ते लिहिणारे सगळे मराठी माध्यमाचे नसतात. घरी मराठी बोलणारा कॉन्व्हेंटवालाही त्यातच सापडतो. त्याला कोणी टोकत नाही एवढाच फरक.

म्हणून माझा सल्ला एकच. ‘हॅड’ लिहिलंत की भूतकाळातली दुसरी गोष्ट बोटाने दाखवा, जिच्या आधी हे घडलं. त्याच वाक्यात असो की वरच्या ओळीत. दाखवता आली नाही तर ‘हॅड’ काढा. मग विचारा, मला तारीख सांगायचीय की आजची स्थिती? तारीख असेल तर साधा भूतकाळ, ‘वी चेक्ड द लॉट ऑन मंडे’. आजची स्थिती असेल तर ‘वी हॅव चेक्ड द लॉट’.

तक्त्यातून हे कळत नाही, कारण तीन काळ गुणिले चार प्रकार अशी बारा घरं सारख्याच आकाराची काढलेली असतात. ती सारखी नाहीत. ‘विल हॅव बीन चेकिंग’ हे घर मला नोकरीत एकदाही उघडावं लागलं नाही. आणि क्रियापदाचं रूप बघायला गेलं तर इंग्रजीत काळाची रूपं दोनच, ‘गो’ आणि ‘वेंट’. आपल्या ‘जाईन’सारखं भविष्याचं वेगळं रूप त्यांच्याकडे नाहीच. ते ‘विल’ लावतात, ‘गोइंग टू’ लावतात, नाहीतर सरळ वर्तमानकाळच वापरतात: ‘द ट्रेन लीव्ह्ज अ‍ॅट सिक्स टुमॉरो.’ शाळेत कोणी हे सांगितलं असतं तर निम्मी भीती तिथेच गेली असती.

आणखी दोन जागा, पटकन. ‘मी इथे पाच वर्षं काम करतेय’ याचं ‘आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ करू नका. ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स’. मुदत असेल तर ‘फॉर’, सुरुवात कुठून ते सांगायचं असेल तर ‘सिन्स’. आणि ‘आय वर्क्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स’ म्हणालात तर समोरच्याला वाटेल नोकरी सोडलीत. इंटरव्ह्यूत हे फार महागात पडतं. दुसरं, ‘माल आला की कळवतो’ याचं ‘व्हेन वी विल रिसीव्ह द मटेरियल’ होत नाही. ‘व्हेन वी रिसीव्ह द मटेरियल, वी विल इन्फॉर्म यू’. ‘विल’ एकाच बाजूला.

तुम्हाला हसतात ते कशावर, हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझा अंदाज ‘आय अ‍ॅम हॅविंग अ डाउट’ छापाच्या वाक्यांवर. ते चूकच आहे, ‘आय हॅव’ म्हणा. पण त्याने कोणाचा कधी गैरसमज झालेला मी पाहिला नाही. शंका आहे हे पोचतंच. ज्या चुकीने रिपोर्ट परत येतो, तिच्यावर आमच्या ऑफिसात कोणी हसलं नव्हतं, उलट ती प्रोफेशनल वाटली होती. तेव्हा हसण्यावरून स्वतःचं इंग्रजी जोखू नका.

आता एवढं बोलल्यावर दुसरी बाजूही सांगायला हवी. ‘हॅड’ हा काही शत्रू नाही. ‘द लॉट हॅड लेफ्ट आवर प्लांट बिफोर वी रिसीव्ह्ड युअर मेल’ इथे तो लागतोच, आणि मूळ कारण लिहिताना तर कामाचा असतो, कारण तिथे एकामागे एक काय घडलं तेच सांगायचं असतं. अमेरिकन माणूस ‘आय ऑलरेडी सेंट इट’ म्हणतो, ब्रिटिश माणूस ‘आय हॅव ऑलरेडी सेंट इट’. दोन्ही ठीक, त्यावर वाद घालत बसू नका. आणि क्रियापदांची तिन्ही रूपं मात्र पाठच हवीत. ‘हॅव वेंट’ लिहिलंत तर माझा वरचा सगळा युक्तिवाद तुमच्या बाजूने उभा राहणार नाही.

राहिलं पुस्तक आणि अ‍ॅप. सराव देणारं कुठलंही पुस्तक घ्या, फक्त उत्तरं मागे छापलेली असावीत. अ‍ॅपवर मात्र भिस्त ठेवू नका. ‘वी हॅड चेक्ड ऑल पार्ट्स’ हे वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे, त्याखाली लाल रेघ कुठून येणार? तुम्ही कधी तपासलंत हे मशिनला माहीत नसतं. त्यापेक्षा मेलबॉक्समध्ये ‘हॅड’ टाकून सर्च करा, रोज थोडे मेल काढा आणि प्रत्येकात ती दुसरी गोष्ट शोधा. तुमचे संपतील तेव्हा साहेबांचेही सापडतील. ते मात्र दुरुस्त करायला जाऊ नका, निदान कन्फर्मेशनचं पत्र हातात पडेपर्यंत.