जन्म कुठला, पासपोर्ट कुठला?

‘निम्मा लक्झेंबर्ग बाहेरच्यांचा’ अशा मथळ्याचा तक्ता व्हॉट्सॲपवर फिरू लागल्यापासून युरोपातल्या या चिमुकल्या देशाबद्दल तेच ते प्रश्न येताहेत. एकदाची उत्तरं देऊन टाकते.

तिथे परदेशी नक्की किती?
२०२४ च्या सुरुवातीला लोकसंख्या सुमारे ६ लाख ७२ हजार, त्यात परदेशी नागरिक ४७ टक्क्यांच्या आसपास. सर्वांत जास्त पोर्तुगीज.

मोनॅको या दुसऱ्या चिमुकल्या देशात तर मूळ नागरिकच अल्पसंख्य आहेत?
हो. जेमतेम पाव हिस्सा.

एका ठिकाणी ‘परदेशी’ लिहिलंय, दुसरीकडे ‘परदेशात जन्मलेले’. आकडे जुळत नाहीत. खरा कोणता?
दोन्ही खरे असतील, कारण मोजलंय वेगवेगळं. एकात पासपोर्ट पाहिलाय, दुसऱ्यात जन्मगाव. लक्झेंबर्गमधल्या एश शहरात पोर्तुगीज जोडप्याला मूल झालं आणि ते पोर्तुगीज नागरिकच राहिलं, तर ते परदेशी आहे, पण परदेशात जन्मलेलं नाही. उलट, १ जानेवारी १९०० ला हयात असलेल्या लक्झेंबर्गी पूर्वजाच्या आधारावर हजारो ब्राझिलियन आणि अमेरिकन माणसांनी तिथलं नागरिकत्व घेतलं. त्यांच्यातला एखादा उद्या तिथे राहायला गेला, तर तो परदेशात जन्मलेला, पण परदेशी नव्हे. आपल्याकडचंच बघा. उल्हासनगरातले सिंधी आजोबा फाळणीआधी कराचीत जन्मले. त्यांनी उभं आयुष्य इथे काढलं, मतदान केलं, तरी आंतरराष्ट्रीय तक्त्यात ते ‘परदेशात जन्मलेले’च, कारण हिशोब आजच्या सीमांनी होतो. १९५० साली पोर्तुगीज राजवटीतल्या पणजीत जन्मलेल्या आजी मात्र त्या रकान्यात येत नाहीत. त्यात संयुक्त राष्ट्रांची आणखी एक गोम: जन्मस्थळाची माहिती नसेल, तर त्या देशापुरतं ते नागरिकत्वावरून मोजतात. म्हणजे एकाच तक्त्यात दोन मापं! तळटीप न वाचता अशा तक्त्यावरून देशांची क्रमवारी लावणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो. प्रबंधात आकडा वापरणार असाल तर आधी तळटीप मार्गदर्शकांना दाखवा.

रोज सीमा ओलांडून कामाला येणारे यात धरतात का?
नाही. सकाळी तिआँव्हीलहून गच्च भरलेल्या गाडीतून येणारा फ्रेंच माणूस रात्री घरी फ्रान्समध्ये झोपतो, म्हणून तो फ्रान्सच्या लोकसंख्येत. असे सीमा ओलांडून येणारे सगळे मिळून दोन लाखांहून जास्त आहेत.

एजंट ‘पाच वर्षांत लक्झेंबर्गी पासपोर्टची हमी’ देतोय. पैसे भरू का?
भरू नका. साधारणपणे पाच वर्षांचं वास्तव्य लागतं आणि लक्झेंबर्गी भाषेची परीक्षा द्यावी लागते. तुमच्या वतीने तोंडी परीक्षेला एजंट बसणार आहे का? शिवाय, स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतलंत की भारतीय नागरिकत्व संपतं, हे तो सांगत नाही. तिथल्या नगरपालिकेत स्वतः विचारा आणि सही करण्याआधी वकिलाला भेटा.

आम्ही दोघंही भारतीय. मुलीचा जन्म तिथलाच, दहा महिन्यांची आहे. ती आपोआप तिथली नागरिक ना?
तुमच्यापैकी कुणाचा जन्म तिथला असता तर गोष्ट वेगळी. नुसतं तिथे जन्मल्याने लगेच नागरिकत्व मिळत नाही. पण दहा महिने काय करत होतात? भारतीय नागरिकत्वासाठी जन्माची नोंद भारतीय दूतावासात वर्षाच्या आत करायची असते. उशीर झाला तर केंद्र सरकारची परवानगी लागते. उत्तराला पुन्हा पत्र लिहू नका, आजच दूतावासाची वेळ घ्या.