तारण, खंडणी आणि वावर सोडवणं

दारव्ह्याकडच्या एका ताईंनी विचारलं आहे: “आमच्या बाजार समितीत सोयाबीन तारण ठेवतेत. शेजारच्या ख्रिस्ती घरी प्रार्थनेत ‘तारण’ मागतेत. हे तारण एकच हाय का? अन् लेकरू जन्मताच पापी, असं ते मानतेत का? त्यायच्या पुस्तकात ‘खंडणी’ कशी काय आली?”

शब्द एकच आहे. संस्कृत ‘तॄ’ धातू, अर्थ पार जाणं. तरणं, तारू, तरणोपाय ही सगळी त्याच घरची. ऐन वेळी पाऊस आला की आपण म्हणतो, ‘पऱ्हाटी तरली’. ख्रिस्ती प्रार्थनेतलं तारण याच अर्थाचं आहे: पापातून आणि मरणातून पार नेणं. नेणारा तो तारणारा, म्हणजे येशू.

मग गोदामातलं तारण कुठून आलं? मराठीत पैसा बुडतो. ‘त्याच्याकडं माझे पैसे बुडाले’ म्हणतो, ‘बुडीत कर्ज’ म्हणतो. पैसा बुडू देत नाही ते तारण. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत सोयाबीन गोदामात ठेवलं की किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं. शेतकऱ्याला भाव येईपर्यंत उसंत मिळते हे खरंच, पण ते पोतं मुळात तारतं कर्ज देणाऱ्याच्या पैशाला. प्रार्थनेतल्या तारणात तारला जातो देणेकरी, म्हणजे पापी माणूस. ताईंच्या प्रश्नातला सगळ्यात मोलाचा भाग मला हाच वाटतो. धातू एक, पण वाचवला जाणारा माणूस बदलला.

आता पाप. बायबलच्या नव्या कराराच्या (येशूनंतरच्या भागाच्या) ग्रीकमध्ये पापाला ‘हामार्तिया’ म्हणतात. मूळ अर्थ नेम चुकणं. जुन्या करारातल्या (येशूआधीच्या भागातल्या) हिब्रू शब्दाचीही तीच गत आहे. शास्ते या पुस्तकाच्या २०व्या अध्यायात ७०० डावखुरे गोफणवाले येतात. केसावर धोंडा मारला तरी नेम चुकायचा नाही असे. तिथल्या ‘चुकणे’साठी जे क्रियापद आहे, तेच इतरत्र ‘पाप करणे’साठी येतं. ज्यानं माळ्यावर उभं राहून ज्वारीवरची पाखरं हाकलली आहेत त्याला हे फोड करून सांगावं लागणार नाही.

लेकराच्या पापाचं उत्तर जरा लांबचं आहे. आदाम आणि हव्वा यांनी मना केलेलं फळ खाल्लं ती गोष्ट बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या ३ऱ्या अध्यायात आहे, पण ‘पाप’ हा शब्द त्या अध्यायात एकदाही नाही. तो पहिल्यांदा येतो ४थ्या अध्यायात, आदामाचा मुलगा काइन भावाचा खून करण्याआधी. देव त्याला बजावतो की पाप दाराशी दबा धरून बसलं आहे, तू त्याच्यावर ताबा ठेव. तिथलं क्रियापद जनावराच्या बसण्याचं आहे. टिपेश्वरच्या जंगलाकाठी राहणाऱ्यांना दबा धरणं म्हणजे काय ते ठाऊक आहेच. म्हणजे पहिल्याच उल्लेखात पाप माणसाच्या बाहेर, उंबऱ्यापाशी आहे.

ते रक्तातून येतं ही मांडणी पक्की केली ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीननं (३५४–४३०). येशूचा प्रेषित पौल यानं रोमकरांस ग्रीकमध्ये लिहिलेल्या पत्रात (५:१२) म्हटलं आहे की एका माणसामुळे पाप जगात आलं, पापामुळे मरण आलं, आणि मरण सगळ्यांवर आलं, ‘कारण सगळ्यांनी पाप केलं’. ऑगस्टीनपुढच्या लॅटिन भाषांतरात शेवटचे शब्द ‘ज्याच्यात सगळ्यांनी पाप केलं’ असे वाचता येत होते. त्यावरून त्यानं म्हटलं, आदामात आपण सगळेच दोषी झालो. मूळ पाप किंवा आदिपाप म्हणतात ते हेच. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या आजही इतकं पुढं जात नाहीत: आदामाकडून मरण आणि दुबळेपण वारशानं आलं, त्याचा गुन्हा आला नाही, असं त्या मानतात. तेव्हा ताई, शेजारी कोणत्या मंडळीचे आहेत त्यावर उत्तर ठरेल. मला स्वतःला ग्रीक वाचन जास्त सरळ वाटतं.

‘खंडणी’नं तरुण वाचक दचकतात ते साहजिक आहे; आज ती गुंड मागतात. मार्कच्या शुभवर्तमानात (१०:४५) येशू पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून देतो. ग्रीक शब्द ‘लुत्रोन’, म्हणजे गुलामाला किंवा कैद्याला सोडवायला भरलेली किंमत. मग ही किंमत घेतली कोणी? ३ऱ्या शतकात ओरिगेन या धर्मपंडितानं सैतानाचं नाव घेतलं. ४थ्या शतकात नाझियान्झचा बिशप ग्रेगरी यानं ते ठणकावून नाकारलं. चोराला मोबदला, तोही देवाचा जीव? मला ग्रेगरीचं पटतं. रूपक किंमत मोजण्यापुरतं आहे, वसुलीदार शोधण्यापुरतं नाही. आज नवं भाषांतर करायचं तर मी ‘मुक्तीचं मोल’ लिहीन.

पण इंग्रजीत रिडेम्प्शन म्हणतात त्याला आपल्याकडचा सगळ्यात जवळचा शब्द ‘सोडवणं’ आहे. ‘भावानं वावर सोडवलं’ हे वाक्य गावात कोणालाही कळतं. जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या २५व्या अध्यायात हेच आहे: भाऊबंद गरिबीनं वावर विकून बसला तर जवळच्या नातेवाइकानं येऊन ते सोडवावं. त्या नातेवाइकाला हिब्रूत ‘गोएल’ म्हणतात. बायबलमधल्या रूथ या विधवेच्या गोष्टीतला बवाज गोएल आहे, आणि देवालाही हीच पदवी दिली आहे.

येशूच्या बोलीत, अरामीत, ऋण आणि पाप यांना एकच शब्द होता. म्हणून मत्तयाच्या शुभवर्तमानातली प्रभूची प्रार्थना (येशूनं शिकवलेली) ‘आमची ऋणे आम्हास सोड’ अशी येते. यावरून कर्ज म्हणजेच पाप असं कोणी आपल्या भागात सांगू लागलं, तर ते साफ चूक आहे, आणि इथं ते निर्दयही आहे. लेवीयचा तो अध्याय कर्जात बुडालेल्याला एका शब्दानं दोष देत नाही. सोडवायची जबाबदारी भाऊबंदांवर टाकतो. आणि सोडवणारं कोणीच नसेल, तर ५०व्या वर्षी, योबेल वर्षात, वावर मूळ घराकडं परत जावं असं सांगतो.