टाइप-सी डॉकचे चित्र एका लॅपटॉपवर येते, दुसऱ्यावर नाही: बोर्ड बदलण्याआधी बिट ६ पाहा

आपण वर्णन केलेली लक्षणे आमच्या बोर्डाने जशीच्या तशी दाखवली होती, म्हणून सविस्तर लिहितो. आपल्या डॉकवर टाइप-सी सॉकेट आहे. एका लॅपटॉपला जोडल्यास मॉनिटरवर चित्र येते, दुसऱ्याला जोडल्यास चार्जिंग आणि यूएसबी चालते पण पडदा काळाच राहतो. आणि चिप पुरवणाऱ्यांनी ट्रेसची (बोर्डावरील तांब्याच्या रेषांची) लांबी सुधारून बोर्ड नव्याने काढण्यास सांगितले आहे. माझी आग्रहाची विनंती आहे की नव्या बोर्डाची ऑर्डर तूर्त देऊ नये. आपला कंट्रोलर (टाइप-सी जोडणीचा संवाद सांभाळणारी चिप) नेमका कोणता हे आपण लिहिलेले नाही आणि प्रत्येक कंपनीच्या कॉन्फिगरेशन टूलमध्ये रकान्यांची नावे वेगळी असतात, त्यामुळे पुढील मजकूर वेसा या संस्थेच्या, टाइप-सीवरून डिस्प्लेपोर्ट चित्र पाठवण्याच्या मानकाच्या आधारे लिहीत आहे. आपल्या टूलमधील रकाने त्याच्याशी आपणच पडताळून घ्यावेत.

ट्रेसचा दोष असता तर बिघाड पुष्कळ उशिरा दिसला असता. लॅपटॉपने एंटर मोड (चित्राचा मोड सुरू करण्याचा संदेश) पाठवला असता, स्टेटस अपडेट आणि कॉन्फिगर या पुढच्या संदेशांना होकार मिळाला असता, हॉट प्लगचा (मॉनिटर जोडल्याचा) संकेत पोहोचला असता आणि मग लिंक ट्रेनिंग, म्हणजे व्हिडिओ जोड्यांची जुळवणी, फसले असते. आपण पाठवलेल्या संदेशांच्या नोंदीत मात्र डिस्कव्हर मोड्सचे (कोणते मोड चालतात या प्रश्नाचे) उत्तर गेल्यावर लॅपटॉप गप्प बसतो, एंटर मोड येतच नाही. तारांच्या ज्या जोड्यांवरून अजून एकही व्हिडिओ बिट गेलेला नाही, त्यांची लांबी मोजून काय हाती लागणार? गडबड सीसी तारेवरच्या, म्हणजे दोन्ही उपकरणे आपसांत बोलतात त्या तारेवरच्या, संवादात आहे.

आता मुख्य मुद्दा. एसव्हीआयडी एफएफ०१ (डिस्प्लेपोर्ट मोडचा ओळख क्रमांक) साठी आपला कंट्रोलर डिस्कव्हर मोड्सला जे ३२ बिटांचे उत्तर देतो, त्यात पिन असाइनमेंटचे (कोणत्या पिनांवरून काय जाईल या, ए ते एफ अशा नावांच्या मांडण्यांचे) दोन गट असतात: बिट ८ ते १५ आणि बिट १६ ते २३. दस्तऐवजात पहिल्यावर डीएफपी-डी (चित्र देणारा) आणि दुसऱ्यावर यूएफपी-डी (चित्र घेणारा) असे लिहिलेले असते, आणि आपला डॉक चित्र घेणारा असल्यामुळे आपण दुसरा गट भरता. परंतु हा अर्थ बिट ६ मध्ये १ असेल, म्हणजे उपकरण स्वतःला सॉकेट म्हणवत असेल, तरच लागू होतो. बिट ६ शून्य असेल तर समोरचा लॅपटॉप आपल्याला प्लग, म्हणजे कायम जोडलेल्या केबलचे उपकरण समजतो आणि घेणाऱ्याच्या पिना बिट ८ ते १५ मध्ये शोधतो. तिथे शून्य सापडले की दोघांत समान असाइनमेंट उरत नाही आणि तो पुढे जात नाही. लिनक्सच्या डिस्प्लेपोर्ट ड्रायव्हरमध्ये हा नियम उघड लिहिलेला आहे. आमच्याकडे ज्या लॅपटॉपवर चित्र येत होते, तो बिट ६ विचारात न घेता वरचा (बिट १६ ते २३) गट थेट वाचत होता, असाच निष्कर्ष काढावा लागला. सी, डी आणि ई स्वीकारणाऱ्या सॉकेटवाल्या डॉकचे उत्तर हेक्समध्ये ००१सी००४५ असे असायला हवे. आमच्या चिपमधून ००१सी०००५ जात होते; फरक फक्त बिट ६ चा.

हे मूल्य आमच्या हातचे नव्हते. एका तांत्रिक सहाय्य कार्यालयाने ‘संदर्भ रचनेची तपासलेली फाइल’ म्हणून आम्हाला जे दिले, ते मुळात केबल कायम जोडलेल्या डॉकचे होते. त्यात कोणीतरी पिनांचा गट वर हलवला आणि बिट ६ तसाच ठेवला. आम्ही नोंदी पाठवत राहिलो आणि ते दर वेळी बोर्डाचा लेआउट मागत राहिले. एंटर मोड का येत नाही, या आमच्या एका ओळीच्या प्रश्नाला त्यांनी अखेरपर्यंत उत्तर दिले नाही. त्यांच्या सांगण्यावरून अंधेरीतील आमच्या लहानशा कंपनीने बोर्ड पुन्हा काढला, त्याचे पैसे भरले, ग्राहकाला दिलेली तारीख चुकवली, आणि नवा बोर्ड अगदी तसाच वागला. याचा राग मला आजही येतो, कारण ते ३२ बिट वाचायला त्यांना पाच मिनिटेसुद्धा लागली नसती. सहाय्य मागणाऱ्याची नोंद न वाचता त्याच्या बोर्डावरील तांब्याच्या रेषांवर दोष ढकलणे हे मला बेजबाबदार वाटते.

फाइल उघडलीच आहे तर असाइनमेंटही तपासून घ्या. ए, बी आणि एफ मानकाच्या १.०बी आवृत्तीनंतर बाद झाले आहेत, ते बिट शून्यच ठेवावेत. सी मध्ये चारही जोड्या चित्राला मिळतात. डी मध्ये दोन चित्राला आणि दोन सुपरस्पीड यूएसबीला. एचबीआर२ या डिस्प्लेपोर्टच्या वेगाने दोन लेनवर (जोड्यांवर) प्रत्यक्ष ८.६४ गिगाबिट मिळतात, म्हणून ४के चित्र ३० हर्ट्‌झला अडकते आणि लोक पुन्हा ट्रेसला दोष देतात. स्टेटस अपडेटच्या उत्तरातील मल्टी-फंक्शनला (चित्र आणि यूएसबी एकत्र) प्राधान्य देणारा बिट आपण १ ठेवला असेल तर लॅपटॉप डी निवडेल, आणि त्यात त्याची काही चूक नाही. ई हा टाइप-सी ते डिस्प्लेपोर्ट केबलसाठी असून त्यातील मांडणी सी सारखी नसते. आपला मक्स (जोड्या इकडून तिकडे वळवणारी चिप) आणि रिसीव्हर ती हाताळत नसतील तर ई घोषित करू नये. जे बोर्डावर नाही ते जाहीर करू नये, असे माझे ठाम मत आहे, मग तयार फाइलमध्ये काहीही असो.

सीसीवरील संवाद वाचणारा महागडा पीडी (पॉवर डिलिव्हरी) अॅनालायझर नसला तरी काम भागते. सिगरॉक या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये यूएसबी पॉवर डिलिव्हरीचा डिकोडर आहे. मात्र सीसीवरील संकेत साधारण १.१ व्होल्टचाच असतो, त्यामुळे स्वस्त लॉजिक अॅनालायझरच्या आधी कंपॅरेटर लावावा लागतो. लिनक्स लॅपटॉप असेल आणि त्याच्या टाइप-सी पोर्टची माहिती कर्नलपर्यंत पोहोचत असेल, तर सिसएफएसमधील (कर्नलची माहिती दाखवणाऱ्या /sys फोल्डरमधील) टाइप-सी विभागात पार्टनरच्या, म्हणजे जोडलेल्या डॉकच्या, पर्यायी मोडखाली व्हीडीओ नावाची फाइल असते; डॉकने पाठवलेले मूल्य तिथे सरळ वाचता येते. जुळणी झाल्यावर तिथेच डिस्प्लेपोर्टचा उपविभाग तयार होतो आणि चालू असाइनमेंट चौकटी कंसात दिसते. तो उपविभागच नसेल तर माझा संशय आणखी बळावेल. केबल मुंबईतील लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून घेतली असेल तर ती केवळ चार्जिंगची आणि यूएसबी २.० ची नाही ना, हेही पाहावे. तिच्यात चित्र वाहून नेणाऱ्या जोड्याच नसतात आणि बाहेरून ते कळत नाही.

डिस्कव्हर मोड्सच्या उत्तराचे मूल्य आणि चिपमध्ये सध्या असलेली फाइल कोठून मिळाली, एवढे दोन तपशील लिहावेत. बिट ६ आधीच १ असेल तर माझा अंदाज चुकला असे समजून कॉन्फिगरपर्यंतची पूर्ण नोंद पाठवावी, मी ती ओळीने वाचून उत्तर देईन.