अव्वल संघ घरी, पाचवा संघ राष्ट्रीय स्पर्धेत : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेतील एका विद्यापीठात शिकतो. त्याच्या विद्यापीठाचा बेसबॉल संघ आपल्या कॉन्फरन्सच्या गुणतक्त्यात पहिला आला. परंतु मे महिन्यातील अजिंक्यपद स्पर्धेत दोन सामने हरताच त्याचा हंगाम संपला आणि तक्त्यात पाचवा असलेला संघ राष्ट्रीय स्पर्धेत गेला. तीन महिन्यांच्या कामगिरीची काहीच किंमत नसावी, हा कुठला न्याय?

उत्तर : आपल्या भाच्याचा राग रास्त आहे, मात्र तो नेमका कोणावर काढावा हे आधी पाहावे लागेल. कॉन्फरन्स म्हणजे दरवर्षी आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट. एनसीएए या अमेरिकेतील विद्यापीठीय खेळांच्या नियामक संस्थेच्या पहिल्या श्रेणीतील हंगाम फेब्रुवारीच्या मध्यास सुरू होतो, त्यात एका संघाला जास्तीत जास्त ५६ सामने खेळता येतात, आणि कॉन्फरन्समधील लढती बहुतेक करून शुक्रवार ते रविवार अशा तीन सामन्यांच्या मालिकांमध्ये होतात. त्यानंतरच्या राष्ट्रीय स्पर्धेत ६४ संघ असतात. त्यांतील तीसच्या आसपास जागा प्रत्येक कॉन्फरन्सच्या एकेका प्रतिनिधीला थेट मिळतात. बाकीचे संघ निवड समिती निवडते. हा एक प्रतिनिधी कसा ठरवायचा, हे एनसीएए नव्हे, तर ती ती कॉन्फरन्स ठरवते. पॅक-१२ या पश्चिमेकडील कॉन्फरन्सने २०२२ च्या आधी अशी स्पर्धा भरवलीच नव्हती. तेथे तक्त्यातील पहिला संघ थेट पुढे जात असे. म्हणजे भाच्याच्या संघावर जी वेळ आली, ती त्याच्याच कॉन्फरन्सने मान्य केलेल्या नियमामुळे आली.

मग इतक्या कॉन्फरन्स स्पर्धेचाच मार्ग का धरतात? तक्त्याच्या मध्यावर अडकलेल्या संघांना मे अखेरपर्यंत खेळण्यासारखे काही उरावे, प्रेक्षक यावेत आणि प्रक्षेपणाला सामने मिळावेत, ही कारणे उघड आहेत. मला त्यांत गैर काही दिसत नाही. पण त्याची किंमत सर्वांना सारखी पडत नाही, हे खरे दुखणे आहे. मोठ्या कॉन्फरन्समधील अव्वल संघ स्पर्धेत हरला, तरी निवड समिती त्याला बोलावतेच. लहान कॉन्फरन्समधील अव्वल संघाचे प्रतिस्पर्धीच दुबळे मानले जातात, त्यामुळे प्रतिस्पर्ध्यांच्या ताकदीवर आधारलेल्या क्रमवारीत तो मागे राहतो आणि समितीच्या यादीत त्याला बहुधा स्थान मिळत नाही. अशा कॉन्फरन्समधून एकच संघ पुढे जातो, आणि तो कोणता हे त्या चार-पाच दिवसांत ठरते.

तरीही या थेट जागेला दुय्यम समजू नये. २००८ साली फ्रेस्नो स्टेटने वेस्टर्न अ‍ॅथलेटिक कॉन्फरन्सची स्पर्धा जिंकून प्रवेश मिळवला. राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे प्रादेशिक फेरीत, त्याला चार संघांपैकी चौथे, म्हणजे शेवटचे मानांकन होते. तेथून तो शेवटचा टप्पा जेथे होतो त्या ओमाहा शहरात पोहोचला आणि जॉर्जियाविरुद्धच्या तीन सामन्यांच्या अंतिम मालिकेत पहिला सामना गमावूनही पुढचे दोन जिंकून राष्ट्रीय विजेता ठरला. त्या हंगामात हा संघ ३१ सामने हरला होता.

प्रश्न : मोठ्या कॉन्फरन्सच्या स्पर्धेत नामांकित संघ आपला सर्वोत्तम पिचर पहिल्या सामन्यात उतरवत नाहीत. ही प्रेक्षकांची फसवणूक नाही का?

उत्तर : फसवणूक म्हणवत नाही, हा हिशेब आहे. संघाचा पहिल्या क्रमांकाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, हंगामभर शुक्रवारी खेळतो. शंभराच्या आसपास चेंडू टाकल्यावर त्याच्या खांद्याला जवळपास आठवडाभर विश्रांती दिली जाते. कॉन्फरन्स स्पर्धा आठवड्याच्या मध्यावरच सुरू होते आणि लगेच पुढच्या शुक्रवारी राष्ट्रीय स्पर्धेची प्रादेशिक फेरी असते. ज्याची राष्ट्रीय स्पर्धेतील जागा पक्की आहे, तो प्रशिक्षक आपला हुकमी पिचर जपतो, आणि मधल्या वारी खेळणाऱ्या नवख्या पिचरला सुरुवात करायला सांगतो. समोरचा संघ मात्र जागेसाठी झगडत असेल, तर तो आपले सर्व काही पहिल्याच दिवशी पणाला लावतो. एकाच मैदानावर एका संघाचा सराव आणि दुसऱ्याची निकराची लढाई चाललेली असते. निकाल वाचताना हे ध्यानात ठेवले नाही, तर चुकीचा अर्थ निघतो.

अशा निकालाचे सर्वांत बोलके उदाहरण २०२२ मधील आहे. अलाबामातील हूव्हर येथे साउथईस्टर्न कॉन्फरन्सच्या स्पर्धेत ओल मिस, म्हणजे मिसिसिपी विद्यापीठाचा संघ पहिल्याच दिवशी व्हँडरबिल्टकडून हरून बाहेर पडला. कॉन्फरन्समधील ३० सामन्यांत त्याने १४ जिंकले होते, त्यामुळे पुढचे काही दिवस समितीच्या निर्णयाची वाट पाहण्यापलीकडे त्याच्या हाती काही नव्हते. यादीत अगदी शेवटी शिरलेल्या संघांत त्याचे नाव आले, आणि जूनअखेर ओमाहात ओक्लाहोमाला हरवून तोच राष्ट्रीय विजेता झाला.

प्रश्न : ‘दुहेरी बाद’ पद्धतीत एकूण किती सामने होतात? वेळापत्रकात शेवटच्या सामन्यापुढे ‘गरज पडल्यास’ असे का लिहितात?

उत्तर : आकृती काढण्याची गरज नाही. विजेता सोडून प्रत्येक संघ दोनदा हरल्याशिवाय बाहेर जात नाही. चार संघ असतील, तर तीन संघांचे मिळून सहा पराभव, म्हणजे सहा सामने. विजेताही एकदा हरला असेल, तर सात. आठ संघांना याच हिशेबाने १४ किंवा १५ सामने लागतात. तो जादा सामना म्हणजेच ‘गरज पडल्यास’ खेळायचा सामना. अंतिम लढतीत एक संघ अपराजित आणि दुसरा एकदा हरलेला असतो. हरलेल्या संघाने ती लढत जिंकली, की दोघांचाही एकेक पराभव होतो आणि पुन्हा खेळावे लागते, अनेकदा त्याच दिवशी, तासाभराच्या अंतराने. तोवर बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचरांच्या ताफ्यात, दमदार खांदा उरलेला नसतो. हंगामभर फारसा न दिसलेला एखादा पिचर अंतिम सामन्याचा चेंडू हाती घेतो. मला ही पद्धत याच कारणासाठी आवडते : ती एका खेळाडूची नव्हे, तर साऱ्या संघाची परीक्षा पाहते.

अर्थात प्रत्येक कॉन्फरन्सने ती स्वीकारलेली नाही. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सने २०१७ पासून काही वर्षे तीन-तीन संघांचे चार गट पाडून पाहिले. तिघांचाही एकेक विजय झाला, तर गटातील सर्वोच्च मानांकित संघ पुढे जाई. याचा परिणाम असा की, दुसऱ्या आणि तिसऱ्या मानांकित संघांच्या सामन्यात जो हरे, तो तेथेच बाद होई, तरीही त्याला अव्वल संघाशी एक निरर्थक सामना खेळावा लागे. कारण गटाचा निकाल त्या अव्वल संघाच्या उरलेल्या लढतीतच लागणार असे. २०२५ मध्ये या कॉन्फरन्सने सर्व १६ संघांना घेऊन एका पराभवात बाद करण्याची पद्धत आणली, आणि पहिल्या चार मानांकितांना थेट उपांत्यपूर्व फेरीत स्थान दिले.